दप्तरातला बाळाजी : नाना फडणवीसांच्या बालपणाचा शोध (धागा)

१/
नाना फडणवीस हे नाव उच्चारताच बारभाईंचे कारस्थान, वडगाव, सालबाई, खर्डा ही मालिका डोळ्यांपुढे उभी राहते. उंच, सडपातळ देहाचा, मोजके बोलणारा, समोरच्याला आपल्या मनाचा ठाव लागू न देणारा कारभारी. पण हा मनुष्य दहा वर्षांचा असताना कसा होता? तो कोणाला भीत असे, काय खेळत असे, लिहिणे-वाचणे कोणाजवळ शिकला? चरित्रग्रंथांत या काळाला जेमतेम दोन-चार पाने मिळतात. ती दोन-चार पाने कशाच्या आधारावर लिहिली गेली, आणि जुन्या घराण्याच्या कागदांतून एखाद्याचे बालपण शोधताना नेमके काय हाती लागते, हा या धाग्याचा विषय.

२/
आरंभी एक गैरसमज दूर केलेला बरा. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली गाव आहे. तेथील सहा चौकांचा वाडा, अर्धचंद्राकृती घाट, वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, हे सारे अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी ‘स्वदेश’ चित्रपटात तरी पाहिलेच असेल. तेथे गेलेला पर्यटक सहजच कल्पना करतो की छोटा नाना याच घाटावर पोहला असेल.

तसे घडणे शक्य नाही. मेणवली गाव नानांना मिळाले ते १७६८ मध्ये, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. त्या वेळी नाना सव्वीस वर्षांचे होते. वाडा तर त्याहूनही पुढचा. मेणवलीने नानांचे बालपण पाहिले नाही. त्या बालपणाचे कागद मात्र पुढे कित्येक वर्षे सांभाळले.

३/
जन्म साताऱ्याचा. चरित्रांत तारीख दिलेली असते १२ फेब्रुवारी १७४२.

सातारा ही तेव्हा शाहू महाराजांची राजधानी होती. पेशवे, प्रतिनिधी, सचिव, त्यांचे कारकून आणि त्या सर्वांची बिऱ्हाडे यांचे पुणे-सातारा असे सतत येणे-जाणे चाललेले असे. नानांचे वडील जनार्दन बल्लाळ भानू हे पेशव्यांच्या पदरी फडणिशीच्या कामावर. मूळ घराणे कोकणातील वेळासचे. आजोबा बाळाजी महादजी भानू हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे सोबती. १७१९ मध्ये पेशवे दिल्लीला गेले असता तेथील दंग्यात ते मारले गेले. पेशवे आणि भानू या दोन घराण्यांचे नाते या एका मृत्यूने पक्के झाले. पुढे नातू जन्मला तेव्हा त्याला आजोबांचेच नाव ठेवले गेले : बाळाजी.

४/
येथेच संशोधकाची पहिली अडचण उभी राहते.

अठराव्या शतकाच्या मध्यावरचे कागद चाळू लागलात तर ‘बाळाजी’ पदोपदी भेटतात. बाळाजी विश्वनाथ हे पहिले पेशवे. बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशवे. बाळाजी महादजी हे आजोबा, बाळाजी जनार्दन हा नातू. बरे, नातवाला घरी ‘नाना’ म्हणत, तर नानासाहेब पेशवेही नाना, आणि पेशव्यांच्या विश्वासातले नीळकंठ महादेव पुरंदरे हेही नाना. पहिल्या बाजीरावांचा एक पुत्र जनार्दन नावाचा, इकडे फडणिसांचेही नाव जनार्दन.

सासऱ्याचे वा दिवंगत वडीलधाऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, या रिवाजामुळे घरोघरी नाना, बाबा, दादा, आप्पा, भाऊ अशी नावे रूढ झाली. पत्र लिहिणाऱ्याला आपण कोणाविषयी लिहितो हे ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. अडीचशे वर्षांनी आलेल्या तिसऱ्या वाचकाचा विचार त्या दोघांनी करण्याचे काही कारण नव्हते.

५/
मग ओळखायचे कसे? बऱ्याचदा मायन्यावरून.

मराठी पत्राचा मायना हा नात्यांचा नकाशाच असतो. ‘तीर्थरूप’ असेल तर लिहिणारा लहान, ‘चिरंजीव’ असेल तर लिहिणारा मोठा. ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘आशीर्वाद’ यांतही वयाचा व मानाचा क्रम दडलेला असतो. ‘राजश्री’ आले की व्यवहारातला मान आला. आज जो ‘चिरंजीव’ आहे तोच चार वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या पत्रात ‘राजश्री’ होतो, आणि मधल्या काळात त्याच्या आयुष्यात काही तरी मोठे घडले आहे हे त्या एका शब्दावरून कळते. बहुधा घडलेले असते ते वडिलांचे निधन.

६/
दुसरी अडचण तारखेची. हा भाग थोडा किचकट आहे. पण जुने कागद वाचू इच्छिणाऱ्याची यातून सुटका नाही.

पेशवाईच्या कागदांवर वर्ष असते सुहूर सनाचे, आणि तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. नानांच्या जन्माचे वर्ष सुहूर ११४२. कागदावर ते असे दिसेल : इसन्ने आर्बैन मया व अलफ. म्हणजे दोन, चाळीस, शंभर आणि हजार. एककापासून सुरुवात करून हजारापर्यंत चढत जायचे. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास पालटते, म्हणून त्यात कधी ५९९ तर कधी ६०० मिळवले की इसवी सन येतो. सुहूर ११४२ सुरू झाले १७४१च्या मे महिन्यात. पुढचा फेब्रुवारी अर्थातच १७४२चा.

वर्ष असे सौर. महिने मात्र मुसलमानी, चांद्र. ‘छ’ हे अक्षर आणि त्यापुढे मोहरम, सफर, रमजान अशा महिन्याची तारीख. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच सुहूर वर्षात तीच चांद्र तारीख क्वचित दोनदा येते. खासगी पत्रांत तर बहुधा नुसती तिथी असते आणि वर्ष गाळलेले असते. लिहिणाऱ्याला वर्ष माहीत होते, पुन्हा तेच.

७/
त्यावर आणखी एक गाठ. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये आपले पंचांग बदलले. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्यापूर्वीची कोणतीही इसवी तारीख जुन्या पद्धतीची आहे की नव्या, हे पाहावेच लागते, कारण दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडते.

नानांची जन्मतारीखच घ्या. १२ फेब्रुवारी १७४२ हा दिवस जुन्या पद्धतीने शुक्रवार येतो, नव्या पद्धतीने सोमवार. म्हणून मूळ कागदात तिथीसोबत वारही दिला असेल, तर तो सोन्याच्या मोलाचा. वार जुळला नाही तर रूपांतर कोठे तरी चुकले आहे, हे लगेच ध्यानात येते. घराण्याच्या दप्तरात जन्मपत्रिका सापडल्यास घटका-पळेही मिळतात. आजच्या वाचकाला पत्रिकेतील भविष्याशी कर्तव्य नसेल, पण तारखेचा पुरावा म्हणून तिच्याइतका काटेकोर कागद दुसरा नाही.

८/
आता मुख्य साधनाकडे वळू. नानांच्या बालपणाविषयी सर्वांत अधिक सांगणारा माणूस म्हणजे स्वतः नाना.

आपल्या पूर्वायुष्याचा एक वृत्तांत त्यांनी लिहून ठेवला आहे. तो जन्मापासून सुरू होतो आणि पानिपतच्या संहारापर्यंत व त्यातून ते कसे वाचले तेथपर्यंत येऊन थांबतो. राज्यकारभाराची पुढली जवळजवळ चाळीस वर्षे त्यात नाहीत. ज्या काळामुळे नाना इतिहासात आले तो काळ त्यांनी स्वतः लिहिलाच नाही. ज्या काळाची इतिहासाला खबर नव्हती तो लिहिला. अठराव्या शतकातील मराठी मुत्सद्द्याने स्वतःच्या बाल्याविषयी प्रथमपुरुषी लिहिणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे की दुसरे उदाहरण पटकन आठवत नाही.

सातारच्या दरबारी रेसिडेंट म्हणून राहिलेले जॉन ब्रिग्ज यांनी याचे इंग्रजी भाषांतर केले आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ते १८२९च्या सुमारास छापले गेले. साताऱ्यात जन्मलेल्या मुलाची गोष्ट सातारच्याच एका रेसिडेंटमार्फत लंडनला पोहोचली.

९/
त्या वृत्तांतातला बाळाजी कसा आहे?

त्याला देवांच्या मूर्तींचा नाद आहे. इतर मुले जे खेळतात त्यापेक्षा पूजेचा खेळ त्याला प्रिय. दहाव्या वर्षी त्याचे लग्न होते; वधू गद्रे घराण्यातील यशोदा. घोड्यावरून पडून जिवावर बेतते, पण वाचतो. चौदाव्या वर्षी, १७५६ मध्ये, वडील जातात आणि फडणिशी त्याच्याकडे येते. नंतर पेशव्यांबरोबर श्रीरंगपट्टणच्या मोहिमेवर जाणे होते. भाऊसाहेबांचा लोभ जडतो. तारुण्याच्या उंबरठ्यावर विषयवासनेने आपल्याला कसे ग्रासले, हेही नाना आडपडदा न ठेवता नमूद करतात. मग आई आणि पत्नी यांच्यासह तीर्थयात्रेची आस धरून भाऊसाहेबांच्या सैन्यासोबत उत्तरेला प्रयाण, आणि शेवटी पानिपत.

१०/
वाचताना मन हेलावते हे खरे. तरी संशोधकाने जरा थांबून विचारावे : याच गोष्टी का सांगितल्या?

वृत्तांताचा आरंभ होतो सृष्टी, ईश्वर, जीव आणि देह यांच्या चिंतनाने. हे आत्मपरीक्षण आहे. सर्व प्रसंग त्याच सूत्रात ओवलेले आहेत. मूर्तींचा खेळ आला, कारण तो भक्तीचे बीज ठरतो. घोड्यावरून पडणे आले, कारण ईश्वराने वाचवले. वासना आली, कारण पश्चात्ताप आला. या सूत्रात जे बसत नाही ते गळून पडले आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात घोड्यावरून पडण्याखेरीज आणि लग्नाखेरीज आणखी पुष्कळ काही घडत असणार.

सर्वांत मोठी उणीव अशी की जो पुढे मराठी राज्याच्या पै-पैचा हिशेब ठेवणार होता, तो फडाचे काम कसे शिकला याचे सविस्तर वर्णन या लेखनात मिळत नाही. ज्या गुणामुळे तो नाना फडणवीस झाला, त्या गुणाची उमेदवारीच गायब.

११/
ही उणीव भरून काढायची तर दप्तराकडे जावे लागते. मग प्रश्न असा की दप्तरात मूल येते तरी कोठे?

घराण्याचे दप्तर म्हणजे आठवणींची वही नव्हे. त्यात असतात वतनाची कागदपत्रे, इनामाच्या सनदा, जमाखर्च, ताळेबंद, कज्जे, कर्जरोखे, आणि मग पत्रे. या कागदांत मुलाचा प्रवेश दोनच दारांनी होतो. त्याच्यावर खर्च झाला तर, किंवा एखादा हक्क त्याच्या नावावर आला तर. मुंज, लग्न, वैद्याचे औषध, पंतोजीची नेमणूक, अंगरख्याचे कापड, नवसाची फेड : जमाखर्चाच्या अशा एकेका ओळीत बालपण विखुरलेले असते. तो रडला, हसला, रुसला याची नोंद कोणी करत नाही. देवी आल्या आणि शीतळादेवीला काही वाहिले, तर त्या खर्चाची ओळ मात्र राहते.

म्हणून जमाखर्च कंटाळवाणे म्हणून बाजूला सारणारा चरित्रकार मुलाला मुकतो. पत्रे वाचायला रसाळ असतात, आणि ती बहुधा मोठ्यांची मोठ्यांना लिहिलेली असतात.

१२/
फडणिशीचे काम म्हणजे काय, हेही कागदच सांगतात. फड म्हणजे पेशव्यांची कचेरी. प्रांतोप्रांतीचे अंदाजी जमाखर्च, म्हणजे बेहेडे, तपासणे, सनदा-परवानग्यांवर आपल्या दफ्याची खूण घालणे, चालते दप्तर व अलबेरीज दप्तर यांचा मेळ राखणे. हे काम पुस्तकातून येत नसे. मोठ्यांच्या मागे बसून, बोरू तासून, रद्द मसुद्यांच्या नकला करून ते हाती बसे.

जनार्दनपंतांच्या घरातल्या मुलाने हे बसल्या जागी टिपले असणार, असे अनुमान करता येते. ते अनुमान अनुमान म्हणूनच लिहावे. ‘नानांनी बालपणीच हिशेबात प्रावीण्य मिळवले’ असे ठामपणे सांगणारी वाक्ये चरित्रांत भेटतात, तेव्हा मागे काही कागद आहे की नंतरच्या कीर्तीची सावली मागे टाकली आहे, हे विचारलेच पाहिजे.

१३/
मोडीबद्दल दोन शब्द. ओळ आखून त्या ओळीला टांगल्यासारखी सलग अक्षरे, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही, विरामचिन्ह नावालाही नाही. नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर उरकलेले. शाई वाळवण्यासाठी टाकलेल्या वाळूचे कण काही कागदांच्या घडीतून आजही निघतात. पत्राचा मजकूर सहसा कारकुनाच्या अक्षरात असतो. शेवटचे ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘हे विनंती’ एवढेच धन्याच्या हातचे. अक्षर जेथे पालटते तेथे माणूस भेटतो, म्हणून जाणकार वाचक आधी पत्राची शेपटी पाहतो.

१४/
हे कागद छापील रूपात आपल्यापर्यंत आले त्यामागे कृष्णेच्या काठावरची दोन माणसे आहेत : मिरजेचे वासुदेव वामनशास्त्री खरे (१८५८–१९२४) आणि साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६).

खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. १८९२ मध्ये त्यांनी नाना फडणवीसांचे चरित्र प्रसिद्ध केले. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ निघू लागला. तो मुख्यतः पटवर्धन घराण्याच्या दप्तरावर उभा आहे. त्यांच्या हयातीत बारा भाग झाले. शाळेची नोकरी सांभाळून हजारो मोडी पत्रे वाचायची, तिथ्या लावायच्या, बाळबोधीत उतरवायची आणि प्रत्येक प्रकरणामागे प्रस्तावना लिहायची. हे एकट्याने! खऱ्यांच्या प्रस्तावना आजही नुसत्या वाचण्यासाठी वाचाव्यात अशा आहेत.

पारसनीस वेगळ्या घडणीचे. त्यांचा ओढा जमवण्याकडे. चित्रे, पत्रे, नाणी, दप्तरेच्या दप्तरे. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले आणि पुढे साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. मेणवलीचे दप्तर त्यांच्याच हाती आले.

आणि या दोघांच्या मध्ये वाई. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईस मिळालेल्या कागदांतून. त्यातली पत्रे १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे बाळाजी आठ वर्षांचा असल्यापासून पानिपतातून एकोणीस वर्षांचा होऊन परत येईपर्यंतची. ज्या जगात तो वाढला त्या जगाचा रोजचा आवाज या खंडात ऐकू येतो.

१५/
मग खऱ्यांच्या पटवर्धनी पत्रांतून नानांचे बालपण मिळते का? नाही. पटवर्धनांचा मोठा उदय पानिपतनंतरचा, थोरल्या माधवरावांच्या काळातला. त्यांच्या पत्रांत भेटतात ते प्रौढ नाना, बरेचदा धूर्त, कधी कधी त्रासदायक. मात्र याच दप्तराच्या काळात दुसऱ्या एका मुलाचे बालपण घडले आहे आणि ते नानांच्या अगदी उलट टोकाचे आहे.

सांगली संस्थानचे संस्थापक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. वडील पांडुरंगराव १७७७ मध्ये हैदरअलीविरुद्धच्या लढाईत पकडले गेले आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेत वारले. मुलगा तेव्हा रांगण्या-चालण्याच्या वयाचा. १७८३च्या सुमारास, सहा-सात वर्षांच्या या मुलाच्या नावाने मिरजेचा सरंजाम चालू झाला आणि कारभार चुलते गंगाधरराव पाहू लागले.

१६/
आता तुलना पाहा. नानांच्या बालपणाविषयी नाना स्वतः बोलतात, आणि भोवतालचे कागद विरळ आहेत. चिंतामणरावांच्या भोवती कागदांचा डोंगर आहे. छावणीतून घरी पत्रे, पुण्याहून वकिलांची पत्रे, भाऊबंदांची पत्रे. आणि त्या डोंगराच्या मध्यभागी बसलेला मुलगा गप्प आहे.

सरंजाम त्याच्या नावाचा, म्हणून व्यवहारही त्याच्या नावाने. अक्षर कारकुनाचे आणि मनसुबा वडीलधाऱ्यांचा. अल्पवयीन जहागीरदाराच्या नावचे पत्र हे त्या मुलाचे मनोगत समजून उद्धृत करणे ही नवख्या संशोधकाची हमखास घसरण. मोठेपणी हाच मुलगा चुलत्याशी भांडला, वाटणी घेतली, गणपती घेऊन मिरजेतून निघाला आणि १८०१ मध्ये सांगलीला त्याने आपले ठाणे केले. त्या भांडणाची मुळे बालपणात होती, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वर्षांचा मुलाच्या बाजूचा कागद कोणता, हे विचारले की हात आखडतो. जे आहे ते पालकांच्या बाजूचे आहे, आणि पालक स्वतःच पुढच्या वादातला पक्षकार आहे.

१७/
नानांच्या घरातही असाच दुसरा पक्ष होता. चुलत भाऊ मोरोबादादा फडणीस. १७७८ मध्ये त्यांनी नानांविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि नानांच्या मृत्यूपर्यंत मोरोबा कैदेत राहिले. दोघे एकाच घराण्यातले, दोघांचा फडणिशीच्या कामाशी संबंध. जे दप्तर टिकले ते जिंकलेल्या शाखेचे. तेव्हा वडिलांमागे फडणिशी चौदा वर्षांच्या बाळाजीकडे सहज, निर्विवाद आली असे टिकलेल्या कागदांवरून वाटले, तर तो साधेपणा कितपत खरा आणि कितपत दप्तराच्या मालकीचा, हा प्रश्न मनात ठेवावा.

१८/
आई रखमाबाईंचे काय? त्या मेहेंदळे घराण्यातल्या. बळवंतराव मेहेंदळे हे नानांचे मामा. डिसेंबर १७६० मध्ये पानिपतच्या रणभूमीवरच ते पडले. महिनाभराने मुख्य संग्राम झाला, त्या धावपळीत रखमाबाईंची ताटातूट झाली आणि त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. पत्नी यशोदाबाई सुखरूप परतल्या.

नानांच्या वृत्तांतात आई ठळक होते ती या शेवटच्या प्रसंगात. बाळपणातली आई, जिने मूर्तींशी खेळू दिले असेल किंवा त्या हिसकावून देव्हाऱ्यात परत ठेवल्या असतील, ती शोधावी लागते. स्त्रिया दप्तरात फार तुटपुंज्या दिसतात. अशा वेळी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेकरूने आपली वंशावळ सांगावी आणि उपाध्यायाने लिहून घ्यावी, हा जुना रिवाज. त्या यादीत कधी कधी सुनांची आणि मुलींचीही नावे येतात, जी घरच्या सनदांत कधीच येत नाहीत.

१९/
अठरा वर्षांच्या मुलाने आई गमावली, मामा गमावला, भाऊसाहेब गमावले, आणि जीव मुठीत धरून, अंगावर धड वस्त्र नाही अशा अवस्थेत तो दक्षिणेच्या वाटेला लागला. एवढे झाल्यावर त्याने लिहिलेला हा वृत्तांत आहे. मूर्तींशी खेळणारा तो सोज्ज्वळ मुलगा आपल्याला पानिपतच्या पलीकडून दिसतो, हे विसरून चालणार नाही. खोटे लिहिले असे म्हणण्याचे कारण नाही. पण कोणत्या आठवणी वर आल्या यावर पानिपतची छाया पडलेली आहे, असे मानायला जागा आहे. खऱ्यांसारख्या साक्षेपी चरित्रकारालाही या एका साधनावर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

२०/
अखेरीस दप्तर टिकले कसे, तेही पाहू. यात तिसरे एक बालपण आहे.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मागे राहिलेल्या पत्नींपैकी जिऊबाई नऊ वर्षांच्या होत्या. होय, नऊ. पती गेला त्या वयात त्या स्वतः बाळाजी मूर्तींशी खेळत होता त्या वयाच्या होत्या. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात नानांच्या मालमत्तेवर अनेकांचा डोळा. जिऊबाई काही काळ लोहगडावर राहिल्या. पुढे जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने त्यांना वर्षाला १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली. पेशवाई गेल्यानंतर मेणवली त्यांच्याकडे राहिली आणि १८५४ मध्ये निधन होईपर्यंत घराण्याचा वारसा त्यांच्याच नावाने चालला.

२१/
१८५१ मध्ये मुंबईत कॅप्टन मॅक्डोनाल्ड यांनी नानांचे इंग्रजी चरित्र छापले, ते घराण्यातील कागद आणि उपलब्ध ग्रंथ यांच्या आधारे. म्हणजे नानांच्या पहिल्या मोठ्या चरित्रासाठी घरचे कागद चाळले गेले तेव्हा जिऊबाई साठीच्या घरात होत्या, हयात होत्या. त्या घरात नऊ वर्षांची विधवा म्हणून राहिलेल्या मुलीला काय आठवत होते, हे विचारून लिहून घेण्याची कल्पना त्या काळच्या चरित्रलेखनात नव्हती. लिहून घ्यायचे ते नानांचे.

२२/
मेणवलीहून दप्तर पारसनिसांकडे साताऱ्याला आले. पारसनीस १९२६ मध्ये गेले. १९३९ मध्ये त्यांच्या संग्रहालयाचा ठेवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. पटवर्धनांची पत्रे खऱ्यांच्या छापील भागांतून कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतात.

बाळाजीच्या बालपणावर नवे काही लिहायचे असेल तर सुरुवात १७४२ ते १७५६ या चौदा वर्षांच्या जमाखर्चांपासून करावी, मेणवली दप्तरात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातही. लग्नाचे वर्ष १७५२. त्या वर्षाचा फडणिसांच्या घरचा खर्च हाती लागला, तर वऱ्हाडाला किती पाने वाढली, कोणाला शेला मिळाला आणि नवरदेवासाठी घोडा कोणाच्या पागेतून आला, एवढे तरी कळेल.